एबीए टेक्निशियन म्हणून काम सुरू करताय? पहिल्या दिवसापासून सेशन नोटपर्यंत सगळं सविस्तर

ऑटिझम असलेल्या मुलांच्या थेरपी सेंटरवर टेक्निशियन म्हणून नवीन मुलंमुली जॉइन होतात ना, त्यांना पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न पडलेला असतो, "ताई, मी नेमकं करायचं काय?" कुणाची सायकॉलॉजी झालेली असते, कुणी डीएड केलेलं असतं, कुणी बीकॉम करून आवडीने या फील्डमध्ये आलेलं असतं, आणि समोर एक चार वर्षांचा मुलगा असतो जो बोलत नाही, बसत नाही, खुर्चीकडे नेलं की आडवा पडतो. मी पुण्यात बरीच वर्षं हे काम करतेय, आधी घरोघरी जाऊन सेशन घ्यायचे, आता नवीन लोकांना शिकवते, तर त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहितेय. लांबलचक आहे, सावकाश वाचा.

उदाहरणाला सगळीकडे एकच मुलगा धरू. चार वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून शब्द नाहीत, मोबाईलवरची गाणी आणि कुरमुरे जीव की प्राण, घरात आई, बाबा आणि आजी. हा कुणी एक खरा मुलगा नाही, माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मुलांचा मिळून केलेला आहे.

आधी थोडं मुळाचं

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस. माणूस जे करतो ते कशाच्या आधी करतो, केल्यावर काय घडतं, आणि त्या घडण्यामुळे ते पुन्हा होतं की कमी होतं, हे बघायचं आणि त्यावरून शिकवायची पद्धत ठरवायची, एवढाच त्याचा गाभा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९३८ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून हा विचार मांडला, आणि १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी एका लेखात हे शास्त्र माणसाच्या रोजच्या जगण्यात वापरायचं तर त्यात कोणत्या सात गोष्टी असायला हव्यात ते लिहिलं. त्या सातही पाठ करा सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी, पण टेक्निशियनला रोज लागतात त्या दोन. एक म्हणजे आपण जे शिकवतोय ते त्या मुलाच्या जगण्यात उपयोगाचं हवं, आणि दुसरं, पद्धत इतकी स्पष्ट लिहिलेली हवी की उद्या मी आजारी पडले तर दुसरी मुलगी तेच तसंच करू शकेल.

एक गोष्ट लपवून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ऑटिझममध्ये एबीए पसरलं ते मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या कॅलिफोर्नियातल्या कामामुळे, १९८७ मध्ये त्यांनी छापलं की आठवड्याला सुमारे ४० तास थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ जण नेहमीच्या शाळेत पहिली पास झाले आणि त्यांचा आयक्यू सर्वसाधारण पातळीवर आला. पण त्या काळच्या कामात मुलांवर ओरडणं, चापट मारणं हेही होतं, त्याआधीच्या प्रयोगांत तर विजेचे झटकेसुद्धा होते. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक सांगतात की आम्हाला 'नॉर्मल दिसायला' शिकवलं आणि त्याचा त्रास आयुष्यभर राहिला. ते ऐका. हात फडफडवणं थांबवणं, जबरदस्तीने डोळ्यात बघायला लावणं, हे गोल, म्हणजे शिकवायची ध्येयं, तुमच्या हातात आले तर सुपरवायझरला विचारा की यातून त्या मुलाला काय मिळणार आहे. हात फडफडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

टेक्निशियन कोण आणि सर्टिफिकेटचं काय

प्लॅन बनवतो सुपरवायझर म्हणजे बिहेविअर अ‍ॅनालिस्ट, आपण तो राबवतो, डेटा घेतो आणि जे दिसलं ते परत त्याच्यापर्यंत पोचवतो. स्वतःच्या मनाने प्लॅन बदलायचा नाही, आई कितीही म्हणाली तरी.

अमेरिकेतल्या बीएसीबी या बोर्डाने २०१४ पासून आरबीटी म्हणजे रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन हे सर्टिफिकेट सुरू केलं, त्याला वय १८ पूर्ण, बारावीइतकं शिक्षण, ४० तासांचं ट्रेनिंग, प्रत्यक्ष करून दाखवायची कॉम्पिटन्सी टेस्ट आणि मग परीक्षा, आणि नंतरही दर महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तास सुपरवायझरच्या देखरेखीत. आपल्याकडच्या मराठी मुली लग्न होऊन तिकडे जातात त्यातल्या काही जणी हे करतात, चांगला रस्ता आहे. पण भारतात राहणाऱ्यांना २०२३ पासून तिथे नवीन अर्ज करता येत नाही, त्यामुळे कुणी क्लासवाला "इथे बसून आरबीटी करून देतो" म्हणाला तर पैसे भरू नका. इथले लोक क्यूएबीए या संस्थेचं एबीएटी किंवा आयबीएओ या संस्थेचं आयबीटी हे सर्टिफिकेट करतात. सर्टिफिकेट कोणतंही असो, खाली लिहिलेलं काम तेच आहे.

पायरी १: बघायला शिका, आणि दिसलं तेच लिहा

माझ्या पहिल्या महिन्यातल्या डेटाशीट मी अजून जपून ठेवल्यात. त्यात लिहिलंय, "आज खूप चिडला", "मूड नव्हता", "हट्टीपणा केला". माझ्या सुपरवायझरने शांतपणे विचारलं, चिडला म्हणजे त्याने काय केलं? आणि मला आठवेना. दोन तासांचं सेशन आणि हातात काहीच नाही.

'चिडला' हे माझं मत झालं. 'जमिनीवर आडवा झाला, पाय आपटले, शेजारच्या खोलीत ऐकू येईल एवढ्या आवाजात ओरडला' हे वर्तन. दोन अनोळखी माणसांनी एकाच वेळी बघितलं तर दोघांनी एकच खूण करावी इतकं स्पष्ट हवं, आणि त्यात कधी सुरू झालं धरायचं, कधी संपलं धरायचं तेही हवं. उदाहरणार्थ, पाठ किंवा पोट जमिनीला टेकल्यापासून सुरू, उठून बसून ३० सेकंद ओरडणं नसेल तर संपलं. आता हे मोजता येईल.

मग येतं एबीसी. ए म्हणजे अँटिसिडंट, आधी काय झालं. बी म्हणजे बिहेविअर. सी म्हणजे कॉन्सिक्वेन्स, नंतर लगेच काय झालं, इथे कॉन्सिक्वेन्सचा अर्थ शिक्षा असा घेऊ नका. आपल्या मुलाची एक नोंद अशी असेल: ए, आईने हातातला मोबाईल काढून घेतला. बी, आडवा पडून ओरडणं, ४ मिनिटं. सी, आजीने "देऊन टाक गं, किती रडवतेस" म्हणून मोबाईल परत दिला. अशा आठ-दहा नोंदी जमल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं, आणि ते चित्र काढण्याआधी कुणाला सल्ला द्यायला जाऊ नका.

बहुतेक वर्तनामागे चार कारणांपैकी एक किंवा दोन असतात. कुणीतरी लक्ष द्यावं, एखादी वस्तू किंवा खेळ मिळावा, नको असलेल्या गोष्टीतून सुटका व्हावी, किंवा ते करण्यातच शरीराला काहीतरी मिळतं. एकच वर्तन दोन मुलांत वेगळ्या कारणाने होतं, आणि त्याच मुलात सकाळी एका कारणाने, संध्याकाळी दुसऱ्या. म्हणून "चावणाऱ्या मुलाला काय करायचं?" याला उत्तर नाहीये, कशासाठी चावतो ते कळल्यावरच उत्तर आहे.

आणि हे एक कायम डोक्यात ठेवा. वागणं अचानक बदललं, काल नव्हतं ते आज सुरू झालं, तर आधी शरीर बघा. दात, कान, बद्धकोष्ठता, झोप, ताप. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो डोकं आपटून सांगतो. पालकांना डॉक्टरकडे पाठवा आणि मग बाकीचं.

पायरी २: मोजायचं कसं

पद्धत वर्तनावरून ठरते. सुरुवात-शेवट स्पष्ट असलेलं, मोजता येईल इतक्या वेळा होणारं वर्तन असेल तर फ्रीक्वेन्सी, म्हणजे नुसत्या खुणा. पण सेशन रोज सारखं नसतं, म्हणून तासावर आणा, दोन तासांत १२ वेळा वस्तू फेकल्या तर तासाला ६. एकदाच होतं पण लांबतं असं रडणं असेल तर ड्युरेशन, स्टॉपवॉच लावा. "ये इकडे" म्हटल्यापासून उठायला किती वेळ लागला हे लेटन्सी. गुणगुणण्यासारखं सतत चालणारं काही असेल तर वेळेचे तुकडे पाडून घेतात, १० सेकंदांच्या प्रत्येक तुकड्यात एकदा तरी झालं का ते पार्शल इंटरव्हल, पूर्ण तुकडाभर टिकलं का ते होल इंटरव्हल, आणि तुकडा संपण्याच्या क्षणी बघितलं तर होतं का ते मोमेंटरी टाइम सॅम्पलिंग. पार्शलमध्ये आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, होलमध्ये कमी, म्हणून कमी करायच्या वर्तनाला पार्शल आणि वाढवायच्या वर्तनाला होल घेतात.

काही शिकवण्याआधी बेसलाइन घ्या, म्हणजे मदत न करता आज त्याला किती येतं. हे टाळायचा मोह होतो कारण पालकांना लगेच काम दिसायला हवं असतं, पण बेसलाइन नसेल तर तीन महिन्यांनी तुमच्याकडे सांगायला फक्त "बरीच सुधारणा आहे" एवढं वाक्य उरतं.

अधूनमधून दुसऱ्या व्यक्तीबरोबर एकत्र डेटा घ्या. तुम्ही १० मोजले, तिने ८, तर लहान आकडा भागिले मोठा, गुणिले १००, म्हणजे ८० टक्के जुळतंय. याच्या खाली गेलं तर चूक मुलात शोधू नका, व्याख्या परत लिहा.

डेटा सेशन चालू असतानाच भरायचा. घरी जाताना बसमध्ये बसून आठवून भरलेला डेटा खोटा असतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

पायरी ३: पहिले काही दिवस काहीच मागू नका

याला पेअरिंग म्हणतात, आणि घाईत सगळ्यात आधी हेच सोडलं जातं. नवीन घरी गेलात की टेबल-खुर्ची, फ्लॅशकार्ड, "नाक कुठे?" हे सगळं बाजूला ठेवा. तो जे करतोय त्याच्या शेजारी बसा, तो गाड्या ओळीत लावत असेल तर पुढची गाडी त्याच्या हातात द्या, फुगा फुगवा आणि सोडून द्या, पांघरुणात गुंडाळून झोका द्या, कुरमुरे तुमच्याच हातून मिळू देत. प्रश्न नाही, आज्ञा नाही. ताई आली म्हणजे काहीतरी मस्त होतं हे त्याच्या मनात बसायला हवं.

झालं की नाही कसं ओळखायचं? तुम्ही दारात आलात की तो तुमच्याकडे येतो का, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तर मागे येतो का. येत असेल तर सुरू करा. पळून जात असेल तर अजून वेळ द्या, आठवडा लागो नाहीतर तीन. पालक विचारतात, "फी देतोय आणि तुम्ही नुसतं खेळताय?" त्यांना पहिल्याच दिवशी हे समजावून ठेवलं की मग तो प्रश्न येत नाही, सुपरवायझरकडून सांगायला लावा म्हणजे वजन पडतं.

पायरी ४: त्याला काय आवडतं ते त्यालाच विचारा

पालकांना विचारा, पण त्यावर थांबू नका. पाच-सहा गोष्टी घ्या, समजा कुरमुरे, राजगिरा लाडूचा तुकडा, फिरणारा भोवरा, साबणाचे फुगे, मोबाईलवरचं एक गाणं. समोर एका ओळीत ठेवा, "एक घे" म्हणा. त्याने जे उचललं ते खाऊ द्या किंवा ३० सेकंद खेळू द्या, मग ती वस्तू परत ओळीत न ठेवता उरलेल्यांच्या जागा बदला, पुन्हा "एक घे". शेवटपर्यंत असंच. आधी उचललेली वर, शेवटची खाली, झाली यादी. यात चार-पाच मिनिटं जातात. हे महिन्यातून एकदा करायचं काम नाही, रोज सुरुवातीला छोटंसं करा, कारण आवड दुपारपर्यंतसुद्धा बदलते.

खाऊ देताना आईला विचारूनच, अ‍ॅलर्जी आहे का, डाएटवर आहे का, कारण आपल्याकडे बऱ्याच पालकांनी गहू-दूध बंद केलेलं असतं. आणि अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या लहान मुलांना द्यायच्या नाहीत, घशात अडकतात.

पायरी ५: रीइन्फोर्समेंट नीट समजून घ्या

ज्यामुळे ते वर्तन पुढे वाढलं तेच रीइन्फोर्समेंट, नाहीतर नाही. तुम्ही टाळ्या वाजवून "व्वा व्वा!" केलं आणि मुलाने कानावर हात ठेवले तर ते त्याच्यासाठी बक्षीस नव्हतंच.

काहीतरी मिळाल्याने वाढलं तर पॉझिटिव्ह, काहीतरी नकोसं गेल्याने वाढलं तर निगेटिव्ह. डोक्यावर ऊन लागलं की आपण सावलीला सरकतो, ऊन गेलं, बरं वाटलं, उद्या पुन्हा सरकू, हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. यात शिक्षा कुठेच नाहीये, आणि आरबीटीच्या परीक्षेत ९० मिनिटांच्या घाईत हाच गोंधळ होतो म्हणून इथेच पक्कं करा. पॉझिटिव्ह म्हणजे आलं, निगेटिव्ह म्हणजे गेलं. रीइन्फोर्समेंट म्हणजे वर्तन वाढलं, पनिशमेंट म्हणजे घटलं. चांगलं-वाईट याचा संबंध नाही.

हातात घेताना चार गोष्टी बघा. लगेच मिळायला हवं, दोन सेकंदांच्या आत, नाहीतर मध्ये त्याने नाकात बोट घातलं तर त्यालाच बक्षीस मिळालं. ते फक्त त्या कामानंतरच मिळायला हवं, दिवसभर कुरमुऱ्यांचा डबा उघडाच असेल तर तुमच्या तीन कुरमुऱ्यांना कोण विचारतो. पुरेसं हवं, पण पोट भरेल एवढं नको. आणि बदलतं हवं. नवीन गोष्ट शिकवताना प्रत्येक वेळी द्या, जमायला लागलं की दोनदा-तीनदातून एकदा, आणि त्याबरोबर हसणं, गुदगुल्या, "जमलं तुला!" हे कायम जोडत रहा म्हणजे हळूहळू खाऊची गरज कमी होते.

बरेच पालक म्हणतात ही तर लाच झाली. लाच म्हणजे मूल रडायला लागल्यावर "गप्प बस, चॉकलेट देते". तिथे रडण्याला चॉकलेट मिळालं. आपण आधीच ठरवून, काम झाल्यावर देतो. आजीला हे समजावायची सोपी वाट म्हणजे "आधी दोन घास, मग गोष्ट", मानसशास्त्रज्ञ प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये हेच शास्त्रात मांडलं, आज्या कधीपासून करतायत. यालाच आपण 'आधी-मग' चित्रांचा बोर्ड करतो.

पायरी ६: शिकवणं, सुरुवात मागण्यापासून

माझं ठाम मत आहे की न बोलणाऱ्या मुलाला रंग आणि आकडे शिकवण्याआधी मागायला शिकवा. स्किनरच्या भाषेत याला मँड म्हणतात. वस्तू बघून नाव सांगणं टॅक्ट, ऐकलेलं परत म्हणणं एकोइक, प्रश्नाला किंवा गाण्याच्या अर्धवट ओळीला उत्तर देणं इंट्राव्हर्बल. मँडचा फायदा मुलाला ताबडतोब मिळतो, म्हणून ते टिकतं.

पाण्याचं घेऊ. पळून खेळून तहान लागलीये असा वेळ पकडा, खाऊन-पिऊन आल्यावर करून उपयोग नाही. पारदर्शक बाटली हातात, त्याला दिसेल अशी. तो बाटलीकडे हात करतो, तुम्ही "पाणी" म्हणा आणि लगेच एक घोट द्या. काही वेळा असं झाल्यावर "पाणी" म्हणून दोन-तीन सेकंद थांबा. त्याने ओठ मिटून "प" सारखं काही केलं, लगेच घोट. मग "पा" आल्यावरच, मग "पाई", मग "पाणी". असं जवळजवळच्या प्रयत्नाला बक्षीस देत पुढे सरकणं म्हणजे शेपिंग. आणि शेवटी तुम्ही काही न म्हणता नुसती बाटली धरा. सारखं "काय पाहिजे? काय पाहिजे?" विचारत राहू नका, नाहीतर तो त्या प्रश्नाचीच वाट बघत बसेल. पाण्याला कधीही अडवून मात्र धरायचं नाही, काही सेकंद थांबा, नाही आलं तर मदत करून द्या.

आवाज येतच नसेल तर खूण, चित्राचं कार्ड, किंवा चेन्नईत तयार झालेल्या 'आवाज' सारखं अ‍ॅप. चित्र दिल्याने बोलणं थांबेल ही भीती पालकांना असते, तसं होत नाही, मागता येऊ लागलं की मूल शांत होतं आणि शब्दांची वाटही खुली राहते.

भाषेबद्दल कळकळीने सांगते. घरात सगळे मराठी बोलतात आणि सेशनमध्ये 'वॉटर', 'ओपन', 'मोअर' शिकवतात, कारण फ्लॅशकार्ड इंग्रजीत असतात. मग ते मूल स्वयंपाकघरात जाऊन "मोअर" म्हणतं आणि आजीला कळत नाही काय हवंय, कष्टाने शिकलेला शब्द वाया. घरात जो शब्द आहे तोच शिकवा. मालवणी बोलत असतील तर मालवणी.

टेबलावरचं शिकवणं म्हणजे डीटीटी, डिस्क्रीट ट्रायल ट्रेनिंग, एक एक छोटी ट्रायल म्हणजे एकेक प्रयत्न. त्याचं लक्ष आहे का बघा, सूचना थोडक्यात आणि एकदाच, "चमचा दे". तीन-पाच सेकंद थांबा. बरोबर तर लगेच बक्षीस. चुकला तर चेहरा न बदलता, "नाही नाही" न करता, सूचना पुन्हा द्या आणि यावेळी लगेच मदत करा, मग मध्ये एक येणारी सोपी गोष्ट विचारा आणि परत "चमचा दे". दहापैकी सात स्वतःहून आले तर ७० टक्के. मदतीने केलेलं 'स्वतःहून' च्या रकान्यात लिहायचं नाही, मुलावर कितीही जीव असला तरी.

मदत म्हणजे प्रॉम्प्ट. हात धरून करून घेणं सगळ्यात जास्त, मग कोपराला नुसता स्पर्श, मग आपण करून दाखवणं, मग बोट दाखवणं. एकदम नवीन गोष्ट असेल तर जास्त मदतीकडून कमीकडे, थोडी येत असेल तर कमीकडून सुरू करा. पहिल्या दिवसापासून विचार करा की ही मदत काढणार कशी, नाहीतर मूल तुमच्या नजरेवर चालायला लागतं, तुम्ही नकळत बरोबर कार्डाकडे बघता आणि तो तेच उचलतो. हात धरताना त्याने हात ओढून घेतला तर सोडा. ओढाताण करून घेतलेली ट्रायल शिकवणं नसतं.

पायरी ७: लांब कामाचे तुकडे

पोळी-भाजी स्वतः खाणं घेऊ, आपल्या घरातलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आणि तयार चार्टमध्ये हे कुठे सापडणार नाही. आधी स्वतः हळूहळू खाऊन बघा आणि लिहा: डाव्या हाताने पोळी दाबून धरणं, उजव्या हाताची बोटं कडेला लावणं, तुकडा तोडणं, तुकडा भाजीवर ठेवून बोटांनी भाजी पकडणं, उचलणं, तोंडात घालणं. झाले सहा तुकडे, हे टास्क अ‍ॅनालिसिस. तोडणं अवघड वाटत असेल तर त्याचेही दोन करा.

मी इथे शेवटून सुरुवात करते, बॅकवर्ड चेनिंग. पहिल्या पाच पायऱ्या मदतीने, शेवटची 'तोंडात घालणं' त्याची त्याने. घास तोंडात गेला हेच बक्षीस, त्यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं. ते जमलं की उचलणंही त्याचं, असं मागे मागे. इलास्टिकची चड्डी वर ओढणं, चपला घालणं, यालाही हेच चांगलं चालतं. हात धुण्यासारख्या कामात पुढून सुरुवात केली तरी चालते. कोणत्या हाताने, बेसिन की बादली-मग, हे त्या घरात जसं आहे तसंच लिहा.

पायरी ८: मोबाईल, रडणं आणि आजी

आता आपल्या मुलाकडे परत या. एबीसीवरून कळलं की मोबाईल गेला की ओरडणं, ओरडलं की मोबाईल परत. नुसतं "देऊ नका" सांगून काही होत नाही.

पहिलं काम 'ए' मध्ये, म्हणजे ओरडण्याआधी जे घडतं त्यात. मोबाईल अचानक हिसकावायचा नाही, गाणं संपायच्या आधी सांगा, दोन मिनिटांचं टायमर, 'आधी मोबाईल, मग झोका' हे चित्र, आणि पुढची गोष्ट खरंच आवडीची ठेवा. दुसरं काम, ओरडण्याच्या जागी दुसरं काहीतरी जे ओरडण्याइतकंच चालेल. 'अजून' चं कार्ड दिलं तर सुरुवातीला प्रत्येक वेळी लगेच एक मिनिट जास्त मिळतं. ओरडण्यापेक्षा कार्ड सोपं आणि जलद पडायला हवं, हे फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग, कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलेलं. कामातून सुटका हवी असेल तर 'ब्रेक' चं कार्ड. पुढे हळूहळू थांबायला शिकवतात, पण ते नंतर.

तिसरं, ओरडण्याने मोबाईल मिळणं बंद, म्हणजे एक्स्टिंक्शन. इथे सावध. स्कूटर बटणाने सुरू झाली नाही तर आपण एकदा दाबून सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा आणि जोरात दाबतो, तसंच मूल आधी जास्त ओरडेल, लांबवेल, कदाचित मारेल. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात आणि नेमकं तेव्हाच आजीचा जीव कळवळून मोबाईल दिला जातो, मग मूल शिकतं की एवढं जोरात ओरडलं की मिळतं. दहातून एकदा मिळालं तरी ओरडणं टिकतं, उलट जास्त चिवट होतं. म्हणून घरातले सगळे तयार नसतील तर हे सुरूच करू नका. डोकं आपटणं, स्वतःला चावणं असेल तर सुपरवायझरच्या प्लॅनशिवाय मुळीच नाही. आणि दुर्लक्ष वर्तनाकडे करायचं, मुलाकडे नाही, शेजारी रहा, लागेल असं काही असेल तर दूर करा, आवाज शांत.

आजीला दोष देऊ नका. तिला नातवाचं रडणं सहन होत नाही, यात वाईट काय आहे? तिला काम द्या. 'अजून' कार्ड आलं की मोबाईल देणारी व्यक्ती आजी. मी हे केलेल्या घरांत आजीच सगळ्यात पक्की थेरपिस्ट झालेली बघितलीये.

जे शिकलं ते सगळीकडे यायला हवं, तेही इथेच जोडून सांगते. ताईला पाणी मागतो पण बाबांना नाही, तर अजून शिकला नाही. वेगळी बाटली, वेगळा ग्लास, बागेत, मामाच्या गावी, वेगवेगळ्या माणसांबरोबर मुद्दाम सराव ठरवा, आपोआप होईल म्हणून थांबू नका.

ज्यात तडजोड नाही

मुलाने तोंड फिरवलं, ढकललं, रडून दूर गेला तर तो 'नको' म्हणतोय. थांबा, सोपं करा, आणि तेही नोंदवा. जेवण, पाणी, शू, औषध, आईची मिठी हे कधीच बक्षीस म्हणून अडवायचं नाही. मारणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, खुर्चीला बांधणं, हे कुणी सेंटरचे मोठे सर म्हणाले तरी करायचं नाही. मला सुरुवातीला एका ठिकाणी खुर्चीला पट्टा लावायला सांगितलं होतं, मी ती नोकरी सोडली, आणि त्याआधी पालकांना का सोडतेय ते सांगितलं.

मुलाचे फोटो-व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसवर नाहीत, मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ही केस' म्हणून चर्चा नाही. शू-शीच्या ट्रेनिंगला दार पूर्ण बंद नको, आणि पालकांची लेखी परवानगी हवी. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, टेक्निशियन असलात तरी, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. पालकांना हेही सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढता येतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

शेवटची दहा मिनिटं

सेशन आवडीच्या खेळावर संपवा, रडण्यावर नाही. मग निघण्याआधी तिथेच बसून नोट लिहा, आईला वाचून दाखवा. नोट अशी दिसते:

"सकाळी १० ते १२. घरात आई आणि आजी. रात्री दोनदा उठला असं आईने सांगितलं. पाणी मागणं: ११ संधी, ७ वेळा स्वतःहून 'पा', ४ वेळा आपण म्हटल्यावर. पोळी: शेवटच्या दोन पायऱ्या स्वतः, ६ पैकी ५ घासांना. मोबाईल ३ वेळा बंद केला, २ वेळा 'अजून' कार्ड आजीला दिलं, १ वेळा आडवा पडून ओरडणं, ३ मिनिटं १० सेकंद, मोबाईल दिला नाही. 'चमचा दे' ला १० पैकी ४, कालच्या ८ पेक्षा कमी. सेशनभर उजव्या कानाला हात लावत होता, ९ वेळा. आईला सांगितलं, आज डॉक्टरांना दाखवणार आहेत. सुपरवायझरला फोन केला, उद्या फक्त खेळ, नवीन काही नाही."